आज देणार की घेणार

एकदा डिसेंबरात, चारच्या सुमाराला, शेजारच्या पंजाबी आजी वाटी घेऊन दारात आल्या. त्यांना विरजण हवं होतं. इथे इंग्लंडात, स्लाऊमध्ये, दह्याचा काही दुष्काळ नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात बादल्याच्या बादल्या रचलेल्या असतात. पण त्यांना आमच्या घरचं दही आवडायचं. मी फ्रिज उघडला तोच मागून सासूबाईंचा आवाज आला, "आत्ता नको. उद्या सकाळी घेऊन जा म्हणावं."

बाहेर अंधारून आलं होतं. इथे हिवाळ्यात तिन्हीसांजा चहाच्या वेळेलाच होतात, आणि तिन्हीसांजेला घरातून दूध, दही, मीठ उंबऱ्याबाहेर द्यायचं नाही हा आमच्या घरचा कायदा. कारण सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजी मात्र हसल्या, आमच्यातही असंच म्हणाल्या, आणि रिकामी वाटी घेऊन गेल्या.

मला त्या दिवशी सासूबाईंचा राग आला होता. त्याचं कारण वाटी नव्हती. या बाईने साताऱ्याच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. माझ्या लग्नात पत्रिका बघायला ठाम नकार दिला. सासरे गेले तेव्हा "कावळा शिवला नाही तरी चालेल, भूक लागली असेल तर पोरांना जेवायला वाढा," असं सगळ्या भावकीदेखत म्हणाल्या. आणि तीच बाई इंग्लंडात येऊन एका वाटीभर दह्यावरून शेजारणीला परत पाठवत होती. मी विचारलं, "आई, हा एकच नियम कसा काय शिल्लक राहिला?"

"सगळंच सोडलं की माणूस सैल पडतं," त्या म्हणाल्या. "एखादं धरून ठेवावं." मग देवापुढे निरांजन लावलं, नाकातली नळी सारखी केली आणि त्यांच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

नळीचं सांगायला हवं. त्यांच्या फुप्फुसांवर वण पडत चालले होते. औषध होतं, उपाय नव्हता. हॉस्पिटलने घरी ऑक्सिजनचं मशीन दिलं होतं, पुढच्या खोलीत कोपऱ्यात ते दिवसरात्र घरघरत असायचं. त्याच्या लांबलचक नळीच्या टप्प्यात त्यांचं सगळं जग होतं: खुर्ची, देव्हारा, स्वयंपाकघराचा दरवाजा. नवरा ब्रिस्टलला विमानांच्या कारखान्यात, शुक्रवारी रात्री यायचा आणि रविवारी जायचा. म्हणून आठवडाभर आम्ही दोघी आणि मशीन. मीही घरूनच काम करायचे, त्याच खोलीत, खिडकीपाशी.

माझं काम विजेचं आहे. तारा ओढण्याचं नाही, बाजाराचं. समुद्राच्या तळाशी जाड केबली टाकलेल्या आहेत. इथून फ्रान्सला, बेल्जियमला, हॉलंडला, वर नॉर्वेला. त्यांतून वीज येतेही आणि जातेही. जिथे महाग तिकडे जावी, असा साधा नियम. आम्ही युरोपच्या बाजारात होतो तेव्हा हे सगळं एक मोठा संगणक करायचा: सगळ्या देशांच्या मागण्या आणि सगळ्यांचे पुरवठे एकदम घ्यायचा आणि कुठल्या केबलीतून किती, कुठल्या दिशेला, ते दुपारी सांगून टाकायचा. ब्रेक्झिट झालं, आम्ही बाहेर पडलो आणि ते संपलं. आता आधी केबलीतली जागा विकत घ्यायची, आणि उद्या संध्याकाळी कोण महाग असेल याचा अंदाज बांधायचा. अंदाज चुकला की वीज महागाकडून स्वस्ताकडे जाते, चढावर पाणी नेल्यासारखी. तर आमची कंपनी अंदाज बांधते, आणि त्या अंदाजांपैकी काही माझे असतात. हे सगळं मी सासूबाईंना पहिल्याच महिन्यात समजावलं होतं. गणिताची बाई, त्यांना ते चटकन कळलं आणि आवडलंही.

तेव्हापासून रोज दिवा लावायच्या वेळेला त्या विचारायच्या, "आज देणार की घेणार?"

मी स्क्रीनवर बघून सांगायचे. घेतोय म्हटलं की मान हलवायच्या. देतोय म्हटलं की म्हणायच्या, "तिन्हीसांजेला?" आणि मी म्हणायचे, "आई, वीज म्हणजे दही नाही." हा आमचा रोजचा विनोद होता. बरेच दिवस तो विनोदच राहिला.

मग एका संध्याकाळी त्यांनी विचारलं नाही. खुर्चीत पुढे वाकून बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, दम लागलेला. मी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला, जरा कमी होता. मशीन व्यवस्थित चालू होतं. पाठीवर हात फिरवत बसले. श्वास थोडा खाली आल्यावर त्या म्हणाल्या, "आज देताय तुम्ही."

मी स्क्रीन बघितली. देत होतो. चारही केबली भरून.

योगायोग म्हणून मी सोडून दिलं. पुन्हा तसंच झालं, आणि पुन्हा. त्यांनी सांगायच्या आधी मी बघायचं नाही असं ठरवलं, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळायला नको. तरीही त्यांचं बरोबर यायचं. लॅपटॉप मिटलेला, मी स्वयंपाकघरात, आणि पुढच्या खोलीतून त्यांचा आवाज, "ओढतंय गं." उघडून बघावं तर वीज बाहेर चाललेली.

"ओढतंय म्हणजे काय होतं नक्की?" मी विचारलं.

"विहिरीवर आपण दोर धरलेला असावा आणि दुसऱ्या काठावरून कुणी हळूच तो स्वतःकडे ओढून घ्यावा, तसं. झटका नाही. पण हातातून जातं."

नवऱ्याला शुक्रवारी सांगितलं. तो इंजिनियर, त्याने भूत दोन मिनिटांत उतरवलं. "अगं, सिंपल आहे. वारा सुटला की तुमच्या पवनचक्क्या जोरात, वीज स्वस्त, तुम्ही एक्सपोर्ट करता. आणि वारा सुटला की गार हवा, आईची छाती भरते. दोन्हीचं कारण एकच. यात पिशाच्च कुठे आलं?"

हे इतकं बरोबर होतं की मला हायसं वाटलं आणि त्याचा थोडा रागही आला. सासूबाईंना सांगितलं तर त्या लेकावर खूश झाल्या. "बरोबर आहे. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे मीच शिकवलंय त्याला." आणि खरंच, ज्या संध्याकाळी दम लागायचा तेव्हा बाहेर मागच्या कुंपणाच्या फळ्या वाजत असायच्या. मी पुन्हा शहाणी झाले. शिवाय समुद्रातल्या त्या केबलींचा प्रवाह कुठल्या दिशेला आहे यावरून स्लाऊमधल्या भिंतीतल्या सॉकेटला काडीचाही फरक पडत नाही, हे मला नोकरीतल्या कुणाहीइतकं नीट माहीत होतं.

फक्त एक गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही. सासूबाई एकदा दिवा लावता लावता म्हणाल्या होत्या, "पलीकडे एक बाई आहे."

"कुठे पलीकडे?"

"तुझ्या केबलीच्या. तिच्याकडेपण असंच मशीन आहे. आवाज वेगळा आहे, जरा जाड." काडी विझवून त्यांनी ती नीट ताटलीत ठेवली. "एकटी असते."

त्या अशा सुरात म्हणाल्या, जसं शेजारच्या आजींबद्दल सांगावं. मी टीव्ही लावला.

धुक्याची एक संध्याकाळ त्यानंतरची. सकाळपासून पान हललं नव्हतं. हीथ्रोवरून उठणारी विमानं नुसती ऐकू यायची, दिसायची नाहीत. अशा दिवशी इथल्या पवनचक्क्या मान टाकतात, वीज महाग होते आणि आम्ही चारी बाजूंनी घेतो. मी आदल्या दिवशीच निवांत होते: उद्या वारा नाही, उद्या आईंना बरं असणार. हे मी कंपनीसाठी नाही, घरासाठी बघायला लागले होते, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

निरांजन लावून त्या वळल्या आणि देव्हाऱ्याच्या कडेला धरून उभ्या राहिल्या. ओठ निळसर. मी धावले, खुर्चीत बसवलं, मशीन बघितलं, नळी बघितली, कुठे पीळ पडलाय का ते बघितलं. सगळं ठीक. ऑक्सिजनचा आकडा खाली चाललेला. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. निघतोय म्हणाले.

"आज... देताय," त्या म्हणाल्या.

"नाही आई, आज घेतोय. वारा कुठे आहे? बोलू नका."

त्यांनी मान हलवली, नाही अशी. आणि लॅपटॉपकडे बोट केलं.

मी बघितलं. बेल्जियमच्या केबलीत वीज बाहेर चालली होती. भर मागणीच्या वेळेला, इथे महाग आणि तिथे स्वस्त असताना, चढावर. आणि ती आमच्याच कंपनीची होती. काय झालं ते मला बघताक्षणी कळलं, कारण ही चूक आमचा धंदा सोडून कुठेच होऊ शकत नाही. युरोपचं घड्याळ आमच्यापुढे एक तास. केबलवाल्यांना सगळं त्यांच्या तासांत भरून द्यायचं असतं, आम्ही राहतो इथल्या तासांत. त्या आठवड्यात ऑफिसात फाइलीचा साचा बदलला होता, आणि कुठेतरी सगळे आकडे एक ओळ सरकले होते. दुपारी द्यायची म्हणून लिहिलेली वीज तिन्हीसांजेवर येऊन पडली होती. एरवी आमच्या एवढ्याशा वाट्याने केबल वळली नसती, पण त्या दिवशी बाकीच्यांची देवघेव जवळपास फिटली होती, आणि काटा आमच्या बाजूने कलला.

आता यापुढे मी जे केलं ते कुणाला पटेल असं नाही. एका हाताने मी सासूबाईंचा हात धरला होता. दुसऱ्या हाताने मी केबल वळवायला बसले. चालू तास हातातून गेलेला असतो, त्याला कुणीच काही करू शकत नाही. पुढच्या तासाचं दारही बंद होत आलं होतं. मी उलट्या दिशेची जागा मिळेल त्या भावाने घेतली, आकडे भरले, पाठवले, आणि ऑफिसातल्या सहकाऱ्याला फोनवर सांगितलं की आपली फाइल सरकलीय. तो म्हणाला, "अरे बापरे, गुड कॅच." गुड कॅच. इथे एक बाई माझ्या हाताला नखं रुतवून श्वास शोधत होती.

मी कंपनीची चूक दुरुस्त करत होते, असं म्हणता येईल. खोटं आहे. मला वाटत होतं की केबल वळली तर या जगतील. मी, पदव्युत्तर शिक्षण झालेली, नवऱ्याचं म्हणणं पटलेली बाई, देवापाशी बोलावं तशी त्या स्क्रीनशी बोलत होते.

मग फक्त वाट बघायची होती. ॲम्ब्युलन्सची आणि तासाची. धुकं खिडकीला येऊन टेकलं होतं. मशीनची घरघर मला पहिल्यांदाच नीट ऐकू आली, आणि ऐकता ऐकता वाटलं की तिच्या खाली अजून एक आवाज आहे. जरा जाड. मी मशीनच्या बाजूला कान नेला तर तो तिथे नव्हता. तो भिंतीत होता, किंवा कुठेच नव्हता.

तास बदलला. स्क्रीनवरची रेघ शून्याकडे उतरली, शून्य ओलांडून खाली गेली. सासूबाईंची नखं माझ्या हातातून सुटली. एक लांब श्वास आत गेला, पोटापर्यंत गेलेला मला दिसला. मग दुसरा. ओठांचा रंग परत आला. मी रडायला लागले.

त्यांचे डोळे मिटलेलेच होते. "आता तिला दम लागला असेल," त्या म्हणाल्या.

ॲम्ब्युलन्सवाली दोघं आली तेव्हा त्या चहा मागत होत्या. त्यातल्या मुलीने सगळं तपासलं, छाती ऐकली, म्हणाली की या वयात, या आजारात, रीडिंग उत्तम आहेत. कदाचित पॅनिक असेल. मी थँक्यू म्हटलं. दार लावून परत आले तर सासूबाई देव्हाऱ्याकडे बघत बसल्या होत्या, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळून कप विसळायला गेले.

त्यानंतर आम्ही दोघी त्यावर बोललो नाही. त्यांनी "देणार की घेणार" विचारायचं बंद केलं. मी मात्र रोज बघायचे. वाऱ्याच्या संध्याकाळी त्यांना दम लागायचा, आणि मी आमच्या वाट्याची जागा इकडची तिकडे करता येते का ते शोधायचे. बहुतेक वेळा त्याने काहीच व्हायचं नाही, समुद्रात तांब्या ओतल्यासारखं. कधीतरी व्हायचं. ज्या दिवशी व्हायचं त्या दिवशी त्यांचा श्वास सैल पडायचा, आणि त्या माझ्याकडे बघायच्या. आनंदाने नव्हे.

गेल्या वर्षी अंदाजांच्या जोडीला मला एका नव्या कामावरही घेतलं. पुन्हा युरोपच्या बाजाराला जोडून घ्यायची बोलणी चालली आहेत, त्याच्या नियमांची तयारी. रोज ब्रसेल्सची माणसं स्क्रीनवर असतात आणि आम्ही एकेका शब्दावर कीस पाडत बसतो. एका मीटिंगमध्ये आमच्या बॉसबाईंनी सगळ्यांना विचारलं, जोडून घेतलं तर आपण काय गमावतो? कुणी काय काय सांगितलं. माझ्यावर आलं तेव्हा मी म्हटलं, "नथिंग मेजर." दुसरं काय सांगणार होते?

पण घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांना नवीन गणित लागतंच. त्या आता फार थकल्या आहेत, देव्हाऱ्यापर्यंत जायला मधे एकदा टेकावं लागतं. पण प्रश्न पूर्वीसारखेच.

"म्हणजे परत तो संगणक ठरवणार."

"हो. सगळ्या देशांचं एकदम."

"कशावरून ठरवतो?"

"सगळ्यांचं मिळून कल्याण जास्तीत जास्त व्हावं, असं. शब्दच तो आहे त्यांचा. ग्राहकांचं, विकणाऱ्यांचं, सगळ्या देशांचं मिळून."

"बेरीज करतो म्हणजे."

"हो. बेरीजच."

"बेरजेत कोण कुठे आहे ते दिसत नाही," त्या म्हणाल्या. मग, "आणि तुला मध्ये हात घालता येणार नाही."

"जवळपास नाहीच."

"बरं झालं."

मी चमकून बघितलं. मला वाटलं होतं त्या घाबरतील. खरं सांगायचं तर मीच घाबरले होते, कित्येक महिने. नियमांच्या मसुद्यावर मी बसायचे आणि मला वाटायचं की मी माझ्याच घराचं एक दार बाहेरून बंद करते आहे.

"तू वळवतेस ते मला कळतं गं," त्या म्हणाल्या. "दर वेळी कळतं. मला मोकळं होतं आणि पलीकडे तिचं सुरू होतं. ती दार उघडायला उठते, कुणाला तरी हाक मारायला. कुणी नसतं." त्यांना थांबावं लागलं. "माझ्याकडे तू आहेस."

मी म्हटलं, "आई, पलीकडे कुणी नाहीये." पण माझा आवाज मलाच खरा वाटला नाही. त्या धुक्यातला तो जाड आवाज मीही ऐकला होता.

हे परवाचं. काल दुपारी आजचे आकडे आले. हवामानवाल्यांनी वादळाचा इशारा दिलेलाच होता: जोराचा वारा, चारही केबली बाहेरच्या दिशेने भरलेल्या, दिवेलागणीपासून जेवणापर्यंत. इतकी लांब संध्याकाळ मी या वर्षात बघितली नव्हती. मी स्क्रीन मिटली, पण उशीर झाला होता. त्यांनी माझा चेहरा वाचला होता.

"उद्या देणार की घेणार?" फार दिवसांनी त्यांनी विचारलं.

"घेणार आहोत, आई."

वर्गात शेजारच्याचं बघून उत्तर लिहिणाऱ्या मुलीकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. हात पुढे करून माझा लॅपटॉप मागितला, मी दिला, त्यांनी तो आपल्या मांडीवर ठेवला आणि वर शालीचा पदर ओढला.

"याला उद्या हात लावायचा नाही. त्याला ब्रिस्टलहून बोलावून घे, कामावर सांग म्हणावं आई बोलावतेय. आणि उद्याचा दिवा तू लाव, मला उभं राहवणार नाही."

मी हो म्हटलं.

"वर माळ्यावर दिवाळीच्या पणत्या आहेत ना? त्यातली एक काढून ठेव. उद्या दोन दिवे लावायचे. एक नेहमीचा." त्यांनी श्वास घेतला. "दुसरा तिचा. बाहेर, उंबऱ्यावर ठेव. तिन्हीसांजेलाच ठेव, चालेल."

मी माळ्यावर चढले. खालून मशीनची घरघर ऐकू येत होती, आणि पणत्यांचा खोका सापडायला मला बराच वेळ लागला.